गोविंदा ते लगोरी: रोबोकॉनच्या प्रादेशिक परंपरा

आशिया-पॅसिफिक प्रसारण संघाची, म्हणजे एबीयूची, रोबोकॉन ही महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची रोबो-स्पर्धा २००२ साली टोकियोत सुरू झाली. यजमान देश त्या वर्षाचा खेळ ठरवतो आणि त्याचे नियम कित्येक महिने आधी जाहीर करतो. प्रत्येक देश आपापली राष्ट्रीय स्पर्धा घेऊन एक संघ पाठवतो. यजमानाला मात्र दोन संघ उतरवता येतात. लाल आणि निळा असे दोन संघ तीन मिनिटांच्या सामन्यात समोरासमोर येतात. पुढच्या वर्षी देश बदलतो, खेळही बदलतो, आणि आदल्या वर्षी मर्दुमकी गाजवलेला रोबो कार्यशाळेच्या कोपऱ्यात सुट्या भागांसाठी उघडला जातो. त्यामुळे एखाद्या प्रदेशाजवळ वर्षानुवर्षे साठते ती यंत्रे करणारी माणसे आणि त्यांनी मागच्यांच्या हाती दिलेली विद्या. रोबोकॉनच्या इतिहासात कोणता प्रदेश कधी पुढे आला आणि कधी मागे पडला, हे बरेचसे या विद्येची ने-आण कशी झाली यावरून कळते.

स्पर्धेची मुळे जपानमध्ये आहेत. टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील प्राध्यापक मासाहिरो मोरी यांनी १९८१ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांना ठरावीक बॅटरीच्या बळावर चालणारी वाहने बनवायला लावून त्यांची शर्यत घेतली. मोरी जगाला ठाऊक आहेत ते रोबो माणसासारखा दिसू लागला की पाहणाऱ्याला का बिचकल्यासारखे होते, या १९७० मधील त्यांच्या निबंधामुळे. अध्यापनात त्यांचा भर निराळ्या गोष्टीवर होता. तुटपुंजे साहित्य आणि ठरलेली मुदत हाती आली की विद्यार्थी पुस्तकाबाहेरचा विचार करू लागतो, असे त्यांचे म्हणणे होते. जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने, एनएचकेने, ही कल्पना उचलली. १९८८ मध्ये ‘कोसेन’ नावाच्या तंत्र महाविद्यालयांसाठी आणि १९९१ मध्ये विद्यापीठांसाठी रोबोकॉन सुरू झाले. २००२ पासून विद्यापीठांची स्पर्धा एबीयू रोबोकॉनसाठी जपानची निवड स्पर्धाही ठरली.

कोसेनची स्पर्धा हा प्रादेशिक बांधणीचा सर्वांत जुना आणि बहुधा सर्वांत घट्ट नमुना आहे. या महाविद्यालयांत विद्यार्थी पंधराव्या वर्षी दाखल होतो आणि पाच वर्षे शिकतो. होक्काइदोपासून क्युशू-ओकिनावापर्यंत देशाचे आठ विभाग पाडलेले आहेत, प्रत्येक विभागाची स्पर्धा वेगळी होते आणि तिथून निवडलेले संघ टोकियोतील अंतिम फेरीला जातात. ही फेरी सुमोच्या कुस्त्यांसाठी बांधलेल्या र्‍योगोकु कोकुगिकान या सभागृहात होत आली आहे. विभागीय स्पर्धेमुळे होक्काइदोतल्या लहान गावच्या संघालाही पहिला सामना घराजवळ, ओळखीच्या प्रेक्षकांपुढे खेळता येतो. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाने त्याहून मोठी सोय केली. सोळाव्या वर्षी नट-बोल्ट आवळणारा मुलगा विसाव्या वर्षी संघाचा नायक होतो, आणि एका संघात एकाच वेळी चार-पाच तुकड्यांची मुले असतात. कौशल्य वरून खाली आपोआप झिरपत राहते.

या घट्टपणाची किंमतही आहे. कोसेनचे विद्यार्थी बहुतेक आपापसांतच खेळतात. खेळ दूरचित्रवाणीसाठी आखलेला असल्याने पाहणाऱ्याला गंमत वाटेल अशा युक्तीला मान मिळतो, आणि कल्पकतेचा पुरस्कार अनेकदा विजेतेपदापेक्षा मोलाचा मानला जातो. ही दृष्टी मोरींच्या शिकवणीला धरूनच होती. पण आंतरराष्ट्रीय सामन्यांत तिचा फायदा झाला असे दिसत नाही. २००२ ते २०१९ या १८ स्पर्धांत जपानने अजिंक्यपद दोनदाच मिळवले: २००५ मध्ये बीजिंगला टोकियो विद्यापीठाने आणि २०१३ मध्ये दानांगला कानाझावा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने. ज्या देशाने खेळ जन्माला घातला त्याची ही मिळकत थोडीच म्हणायची.

याच १८ वर्षांत व्हिएतनामने सात अजिंक्यपदे जिंकली आणि चीनने पाच. व्हिएतनामची सुरुवात पहिल्याच स्पर्धेत झाली. २००२ मध्ये टोकियोत, फुजी पर्वतावर आधारलेल्या खेळात, हो चि मिन्ह सिटीच्या तंत्रविज्ञान विद्यापीठाचा संघ जिंकला. २००४ मध्ये सोलला आणि २००६ मध्ये क्वालालंपूरला पुन्हा त्याच विद्यापीठाचे संघ विजयी झाले. त्या देशात तेव्हा प्रगत यंत्रसामग्री किंवा रोबो-संशोधनाची मोठी परंपरा नव्हती. सरकारी दूरचित्रवाणी वाहिनीने मात्र ही स्पर्धा राष्ट्रीय सोहळा केली, प्रादेशिक फेऱ्या भरवल्या आणि सामने घराघरांत पोचवले. दुसऱ्या दशकात पुढे आले ते बिएन होआ या औद्योगिक शहरातील लाक होंग हे खाजगी विद्यापीठ. पुणे, टोकियो आणि निन्ह बिन्ह येथे अनुक्रमे २०१४, २०१७ आणि २०१८ ची अजिंक्यपदे त्याने मिळवली. मधले २०१५ चे हुंग येन येथील तंत्रशिक्षण विद्यापीठाने. लाक होंगने एकाच खेळासाठी अनेक संघ उभे करण्याची पद्धत रूढ केली. संघ आधी घरातच एकमेकांशी झुंजत, त्यामुळे राष्ट्रीय स्पर्धेत उतरण्यापूर्वीच त्यांचे शेकडो सराव सामने झालेले असत.

रोबोकॉनच्या नियमांना ही पद्धत नेमकी मानवते. बहुतेक खेळांत एक ठरावीक कामगिरी पुरी केली की वेळ उरलेला असतानाही सामना तिथेच जिंकला जातो. यजमान देश या क्षणासाठी आपल्या भाषेतली आरोळी निवडतो: टोकियोत ‘आप्पारे’, पुण्यात ‘शाबाश’, उलानबातरला ‘उउखाइ’. अशा खेळात युक्ती एकदा सापडली की पुढचे सगळे काम सेकंद वाचवण्याचे उरते, आणि सेकंद वाचतात ते सरावाने. व्हिएतनामी संघांचे बळ यात होते. कमकुवत बाजूही इथेच होती. राष्ट्रीय स्पर्धेवर एकदोन विद्यापीठांची पकड बसली, आणि ज्यांच्यापाशी तेवढे संघ, तेवढे मैदान आणि तेवढा पैसा नव्हता, त्यांना सहभागावर समाधान मानावे लागले.

चीनची चढती कमान २००७ ते २०१२ या सहा वर्षांत दिसते. शिआन जिआओतोंग विद्यापीठाने २००७ आणि २००८, हार्बिन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने २००९, तर छंगदू येथील इलेक्ट्रॉनिक विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठाने २०१० आणि २०१२ ची स्पर्धा जिंकली. मोठी सरकारी विद्यापीठे, पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे मार्गदर्शन आणि शेनझेनच्या बाजारातून मिळणारे सुटे भाग, अशी ही तिहेरी जुळणी होती. हाँगकाँगच्या रोबोकॉनमध्ये विद्यार्थी म्हणून खेळलेल्या फ्रँक वांग यांनी पुढे डीजेआय ही ड्रोन कंपनी काढली, आणि त्या कंपनीने २०१५ पासून रोबोमास्टर ही स्वतःची विद्यार्थी स्पर्धा सुरू केली. तिथे रोबो एकमेकांवर गोळ्या झाडतात, बक्षिसे मोठी असतात आणि झगमगाट दूरचित्रवाणीच्या स्पर्धेपेक्षा जास्त असतो. चिनी विद्यार्थ्यांचे लक्ष तिकडे वळले. रोबोकॉनमधून घडलेल्या माणसानेच रोबोकॉनला प्रतिस्पर्धी उभा केला, याची नोंद घ्यायला हवी.

भारतात ही स्पर्धा दूरदर्शनच्या वतीने होते आणि ‘डीडी रोबोकॉन’ या नावाने ओळखली जाते. तिचा मोठा कालखंड पुण्याशी बांधलेला आहे. पुण्याच्या एमआयटी संस्थेच्या यजमानपदाखाली अनेक वर्षे राष्ट्रीय स्पर्धा बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात भरत असे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेल्या या संकुलात एरवी बॅडमिंटन, कुस्तीचे सामने होत. मार्च उजाडला की देशभरातून लाकडी खोक्यांत बांधलेले रोबो येऊ लागत. काही वर्षी संघांची संख्या शंभरावर गेली. दोन वेळा तर आंतरराष्ट्रीय स्पर्धाच पुण्यात आली, २००८ आणि २०१४ मध्ये.

२००८ चा खेळ ‘गोविंदा’ हा होता. उंचावर टांगलेल्या मडक्यांतले लोणी रोबोंनी काढायचे, आणि सर्वांत उंचावरचे लोणी मिळवायचे तर एका रोबोने दुसऱ्याला वर उचलायचे. दहीहंडीतल्या थरांचे यंत्रात केलेले हे रूपांतर महाराष्ट्राबाहेरच्या संघांना नियमपुस्तिकेतून समजून घ्यावे लागले. पुण्या-मुंबईच्या मुलांना ते समजावण्याची गरज नव्हती. अर्थात दहीहंडी कळण्याचा आणि स्पर्धा जिंकण्याचा संबंध नसतो. शिआनच्या विद्यार्थ्यांनी गोविंदा कधी पाहिला नव्हता, तरी अजिंक्यपद त्यांनीच नेले. २०१४ ची कल्पना आईवडिलांच्या मायेवर रचलेली होती. मोठा ‘पालक’ रोबो लहान ‘बालक’ रोबोला सीसॉ, खांबांवरची चाल, झोपाळा आणि जंगल जिम अशा बागेतल्या खेळांतून नेतो. दिसायला गोड, करायला अवघड. दोन यंत्रांनी एकमेकांचे वजन पेलत हालचाल करायची, तीही वजनाच्या मर्यादेत, म्हणजे धातू वाचवण्याची कसरत आलीच.

स्पर्धा एका ठिकाणी इतकी वर्षे भरत राहिल्याने पुण्याच्या परिसराला जे मिळाले ते कागदावर मोजता येत नाही. इथल्या महाविद्यालयांतील पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुले स्वयंसेवक म्हणून, प्रेक्षक म्हणून, कधी नुसती पिटमध्ये, म्हणजे संघ आपले रोबो जुळवतात त्या जागेत, डोकावायला बालेवाडीला जात. दुसऱ्यांचे गिअर, दुसऱ्यांच्या पकडी, दुसऱ्यांची फजिती त्यांनी जवळून पाहिली. सामानही हाताशी होते. इलेक्ट्रॉनिक भागांसाठी बुधवार पेठेतील पासोड्या विठोबाजवळची दुकाने, लेथ आणि लेझर कटिंगसाठी भोसरी-चिंचवडची वर्कशॉप. मुंबईच्या संघांना लॅमिंग्टन रोड आणि बेअरिंग-हत्यारांसाठी नागदेवी स्ट्रीट. जुन्या संघांच्या यंत्रांत मोटारीच्या वायपरची मोटर, ॲल्युमिनियमचे चौकोनी पाइप आणि हवा साठवायला शीतपेयांच्या प्लास्टिक बाटल्या सर्रास दिसत. बाटल्यांची युक्ती भारतापुरती नव्हती, ती रोबोकॉन खेळणाऱ्या साऱ्या देशांत आहे. पण औद्योगिक पट्टा शेजारी असल्याचा लाभ सगळ्यांना नव्हता. पिंपरीतला एखादा कारखानदार रविवारी मशीन उघडून द्यायचा, आणि त्या बदल्यात त्याचे नाव संघाच्या टीशर्टवर येई.

ज्याला पुणे जवळ, त्याला हे सगळे सोयीचे. ईशान्येच्या किंवा दक्षिणेच्या टोकाच्या महाविद्यालयाला तीच स्पर्धा दोन-तीन दिवसांच्या रेल्वेप्रवासाची होती. साखळीतले मोजके सामने, प्रत्येकी तीन मिनिटांचे. प्रवासात हललेली एखादी वायर सापडेपर्यंत दोन सामने हातचे जात. भारतीय परंपरेतला सर्वांत मोठा दोष इथे आहे: महाविद्यालयातून निघालेला संघ थेट राष्ट्रीय मैदानावर येतो, मध्ये पायरी नाही. जपानचे आठ विभाग किंवा व्हिएतनामच्या प्रादेशिक फेऱ्या यांच्या तोडीचे इथे काही रुजले नाही. नवख्या संघाने पहिली चूक राष्ट्रीय स्पर्धेत करायची, आणि ती सुधारायला वर्ष थांबायचे. तोवर खेळच बदललेला. पुढे प्रवेशासाठी आधी आराखडा आणि मग चालत्या रोबोची चित्रफीत मागवली जाऊ लागली. त्यामुळे अपुरी तयारी घेऊन लांबचा प्रवास करणारे संघ कमी झाले असतील, पण चित्रफितीतून सामन्याचा अनुभव मिळत नाही.

हाच प्रश्न अमेरिकेत निराळ्या प्रकारे सोडवला गेला. शालेय विद्यार्थ्यांची फर्स्ट रोबोटिक्स स्पर्धा १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यातील मँचेस्टरच्या एका शाळेच्या व्यायामशाळेत २८ संघांनिशी सुरू झाली आणि पुढे मोठ्या खर्चाच्या प्रादेशिक सामन्यांत विस्तारली. २००९ मध्ये मिशिगन राज्याने ती चौकट मोडली. भाड्याच्या भव्य सभागृहांऐवजी शाळांच्या व्यायामशाळा, लहान सामने, आणि पूर्वी एका स्पर्धेला लागे तेवढ्याच प्रवेशशुल्कात दोन स्पर्धा. डेट्रॉइटच्या मोटार कंपन्यांचे अभियंते मार्गदर्शक म्हणून आधीपासून होतेच. संघांची संख्या झपाट्याने वाढली आणि पुढच्या दशकात इतर राज्यांनी ही ‘जिल्हापद्धत’ उचलली. तिचा तोटाही लवकरच जाणवला. जिल्हापद्धतीतले गुण त्या जिल्ह्याच्या संघांपुरते असल्याने शेजारच्या राज्यात जाऊन खेळण्याचे कारण उरले नाही, आणि एकेका प्रदेशात एकाच घराण्याची शैली पक्की होऊ लागली. दाराशी स्पर्धा आली की दारापलीकडचे कमी दिसते. पुण्याच्या संघांनाही हे थोडेफार लागू पडते.

भारतीय संघांची दुसरी अडचण वर्गाच्या वेळापत्रकात दडलेली आहे. अभियांत्रिकीची चार वर्षे. त्यात पुणे-मुंबईच्या भाषेत ‘एफई’ला मूल संघात पाहुणे असते, ‘एसई’ला आत येते, ‘टीई’ला मैदानावर उतरते आणि ‘बीई’ला प्लेसमेंट सुरू होते. म्हणजे पूर्ण ताकदीने काम करण्याचे वर्ष एकच. कोसेनच्या पाच वर्षांशी ताडून पाहिले तर फरक लक्षात येतो. मेकॅनिकलची मुले सांगाडा करतात, ईअँडटीसीची सर्किट, कॉम्प्युटरची प्रोग्राम; यांतला एखादा जाणता गडी पास होऊन गेला की त्याने लिहिलेला प्रोग्राम कोणालाच उलगडत नाही. काही महाविद्यालयांनी यावर उपाय केले. मुंबईच्या व्हीजेटीआयमधील सोसायटी ऑफ रोबोटिक्स अँड ऑटोमेशनसारख्या विद्यार्थी संस्था नवख्यांसाठी कार्यशाळा घेतात. जिथे अशी संस्था उभी राहिली तिथे एका तुकडीचा पराभव दुसऱ्या तुकडीच्या कामी आला. जिथे सगळे एखाद्या हौशी प्राध्यापकावर अवलंबून होते, तिथे त्याची बदली झाली की संघही संपला.

माहिती लपवण्याची सवय हा आणखी एक अडसर. राष्ट्रीय स्पर्धा होईपर्यंत आपली यंत्रणा कोणाला कळू द्यायची नाही हे समजण्यासारखे आहे. पण स्पर्धा संपल्यावरही आराखडे कपाटात राहिले, तर पुढच्या वर्षी शंभर संघ तेच चाक शून्यापासून बनवतात. चारही दिशांना सरकणारी ओम्नी आणि मेकॅनम चाके भारतात आली तेव्हा ती कशी बसवायची, वेगाचे गणित कसे मांडायचे, हे प्रत्येक महाविद्यालयाने बहुतेक आपले आपणच शोधले. स्वित्झर्लंडच्या मॅक्सॉन मोटारी परवडणारे संघ आणि देशी मोटारींवर भागवणारे संघ यांतली दरीही अशाच ठिकाणी रुंदावते, कारण स्वस्त साहित्यातून काम काढण्याची खुबी लिहून ठेवलेली नसते. मुलींचा सहभाग कमी राहण्याचे एक कारण तर रोबोंशी संबंधितच नाही. काम रात्री चालते, आणि मुलींच्या वसतिगृहाचे दार संध्याकाळी बंद होते. ज्या महाविद्यालयांनी ही वेळ सैल केली तिथे पिटमधले चित्र पालटले.

या साऱ्या त्रुटी असूनही भारतीय संघांनी जे कमावले ते अजिंक्यपदाच्या यादीत दिसत नाही. २०१९ पर्यंतच्या १८ स्पर्धांत भारताचे नाव विजेता म्हणून एकदाही नाही. पण वर्गात कंट्रोल सिस्टिमचे समीकरण फळ्यावर उतरवून घेणाऱ्या विद्यार्थ्याला ते समीकरण चुकले की पन्नास किलोंचे यंत्र भिंतीवर आदळते, हे दाखवून देणारी व्यवस्था भारतीय अभियांत्रिकी शिक्षणात फार थोडी होती. अहमदाबादची निरमा आणि एल. डी., पुण्याची सीओईपी, मुंबईची व्हीजेटीआय अशा महाविद्यालयांत रोबोकॉन ही अभ्यासक्रमाबाहेरची प्रयोगशाळा झाली. खर्च मात्र बहुधा महाविद्यालयाच्या मर्जीवर, आणि उरलेला विद्यार्थ्यांच्या वर्गणीवर.

२०१९ च्या सुमारास राष्ट्रीय स्पर्धा पुण्याहून दिल्लीला गेली. त्या वर्षीचा मंगोलियाचा खेळ अवघड होता: निरोप्या घोडेस्वारांच्या परंपरेवरून घेतलेल्या त्या खेळात एका रोबोला चाके चालत नव्हती, चार पायांवरच चालावे लागे. चाकांत तरबेज झालेल्या संघांची सगळी पुंजी एका नियमाने बाद झाली. त्यानंतर कोविड आला. २०२० ची फिजीतील स्पर्धा ठरल्याप्रमाणे झाली नाही, आणि २०२१ मध्ये चीनमधील जिमो येथील स्पर्धेत बाहेरचे संघ ऑनलाइनच खेळले. प्रयोगशाळांना कुलपे लागल्याने एक अख्खी तुकडी रोबोला हात न लावता पास झाली, आणि वरून खाली येणारी विद्या मध्येच तुटली.

२०२२ ची आंतरराष्ट्रीय स्पर्धा दिल्लीत झाली ती लगोरीवर. एका संघाच्या रोबोने चेंडू मारून लगोरी फोडायची आणि त्याच संघाच्या दुसऱ्या रोबोने ती पुन्हा रचायची. रचणाऱ्या रोबोच्या डोक्यावर एक चेंडू ठेवलेला, तो प्रतिस्पर्ध्याने पाडू नये म्हणून जपायचे. पुण्यातील दोन्ही वेळचे खेळ बहुतांशी ठरल्या वाटेने चालणाऱ्या यंत्रांचे होते. लगोरीत मात्र चेंडूचा नेम, फुटलेल्या चकत्यांची जागा ओळखणे आणि समोरच्याचा मारा चुकवणे एकाच वेळी आले, त्यामुळे संघांत कॅमेरा आणि संगणकीय दृष्टी सांभाळणाऱ्या मुलांचे वजन वाढले. महाराष्ट्रातील संघ आता खोकी बांधून दिल्लीची गाडी पकडतात, आणि पूर्वी जो प्रवास इतर राज्यांच्या वाट्याला होता तो त्यांच्याही वाट्याला आला आहे. बालेवाडीत नुसते पाहायला जाणाऱ्या पहिल्या वर्षाच्या मुलांची सोय मात्र त्याबरोबर गेली.